सातव्या मजल्यावरची आखाजी

सुरतेहून येऊन मला पंधरा दिवस झाले. तेवढ्या दिवसांत एकच हकीकत मी न्हाव्याला सांगितली, पोस्टमनला सांगितली, देवळाच्या ओट्यावर बसणाऱ्या चारही म्हाताऱ्यांना सांगितली, आणि त्यातला एक बहिरा असल्यामुळे त्याला दोनदा सांगितली. शेवटी वाचनालयाचे गुरुजी म्हणाले, "आबा, लिहून काढा. मी फळ्याशेजारी टांगतो. ज्याला पाहिजे तो वाचेल."

मी चौथी शिकलेला. अडतीस वर्षं पिठाची गिरणी चालवली. लिहायचं काम म्हणजे डब्यावर खडूनं नाव टाकणं. तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका काढणाऱ्यानं पुढं वाचू नये. ज्यांनी सुरत पाहिली नाही त्यांच्यासाठी लिहितो. ज्यांनी पाहिली आहे ते मला दुरुस्त करायला येतील, त्यांनीही येऊ नये.

आधी कारण सांगतो. सुनीलची माय, म्हणजे माझी बायको, मार्गशीर्षात गेली. आपल्या खान्देशात माणूस गेल्यावर पहिल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्याच्या नावानं घागर भरावी लागते. गावातल्यांना हे सांगायला नको, पण गुरुजी म्हणतात की लिखाण बाहेरगावी जाऊ शकतं, म्हणून सांगतो. मातीची घागर पाण्यानं भरायची, तिच्यावर छोटं मातीचं डेरगं, त्यावर आंबा आणि सांजोरी. मग पाट मांडून गेलेल्याच्या जागी एक जिवंत माणूस जेवायला बसवायचा. पुरुष गेला असेल तर पुरुष, बाई गेली असेल तर सवाष्ण. त्याला पितर म्हणायचं, तिला पितरीण. ती जे मागेल ते द्यायचं, नाही म्हणायचं नाही. ती पोटभर जेवून उठली की गेलेली बाई जेवली. आणि ती जेवायला बसेपर्यंत घरात कोणी तोंडात घास घालायचा नाही.

पहिली घागर चुकली तर माणूस वर्षभर उपाशी फिरतं म्हणतात. यात किती खरं ते मला ठाऊक नाही. पण सुनीलची माय उपाशी फिरते आहे हा विचार एकदा डोक्यात शिरला की निघत नाही. तिला भूक सहन व्हायची नाही. भूक लागली की भांडी आपटायची.

गावात सगळं सोपं होतं. पण सुनील सुरतेला, साड्या छापायच्या कारखान्यात सुपरवायझर. त्याला एक दिवसाची रजा. फोनवर म्हणाला, "आबा, तुम्हीच इकडं या. घागर आठेच भरूत."

"तुझ्या मायला पत्ता सापडंल का?" मी विचारलं.

"मी मोबाईलवर लोकेशन टाकतो," तो म्हणाला. सवयीनं बोलून गेला बिचारा.

अमळनेरहून उधना

गावच्या कुंभाराकडून घागर आणि डेरगं घेतलं, गोधडीत गुंडाळलं आणि भुसावळहून सुरतेला जाणाऱ्या गाडीत मांडीवर घेऊन बसलो. समोर एक नंदुरबारची बाई होती. ती गोधडीकडं बघत होती. शेवटी राहवलं नाही.

"बाबा, अस्थी आहेत का?"

"नाही. घागर आहे."

"रिकामी?"

"रिकामी."

"मग एवढी छातीशी कशाला धरली?"

मी म्हटलं, "बायकोची आहे." ती चटकन खिडकीकडं सरकली. तिनं रिकामी हा शब्द ऐकलाच नसावा.

नवापूरला गाडी थांबली. ते स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. म्हणजे चहा एका राज्यात विकत घ्यायचा आणि दुसऱ्या राज्यात प्यायचा. मी खाली उतरून दोन्हीकडं पाय ठेवून उभा राहिलो. काही फरक वाटला नाही. ऊन दोन्हीकडं सारखंच होतं.

बाकी प्रवासात सगळी माणसं माना खाली घालून मोबाईल बघत होती. माझ्याकडंही आहे. सुनीलची माय गेली तेव्हा त्यावर इतके जोडलेले हात आले की मला वाटलं मीच निवडणुकीला उभा आहे. प्रत्यक्ष आली ती मोजकी माणसं. त्याच मोबाईलवर मला रोज बातम्या येतात. तांदूळ प्लास्टिकचा निघाला. आंब्याला सुई टोचतात. कुठल्याशा देशात एका बाईनं मशीनशी लग्न लावलं. ती बातमी वाचून मी ओट्यावर म्हटलं होतं, बाई शहाणी आहे, मशीन निदान तेलपाणी करून बंद तरी ठेवता येतं.

भेस्तान

सुरतेच्या अलीकडं उधन्याला उतरलो आणि रिक्षानं भेस्तानला गेलो. सुनीलची इमारत नवी आहे. फाटकावर वॉचमन होता. त्यानं माझा फोटो काढला.

"किसके यहाँ जाना है?"

"पोराकडं."

"नंबर बोलो."

"पोराला नंबर नसतो बाबा. नाव असतं. सुनील."

"यहाँ सात सुनील है."

मग त्यानं माझा फोटो साती सुनीलांना पाठवला म्हणे, आणि हा म्हातारा कोणाचा आहे ते विचारलं. आमच्या सुनीलनं कारखान्यातून बटण दाबलं तेव्हा मी माझ्या मुलाचा बाप ठरलो. तोवर दुसऱ्या एका सुनीलनंही मला मान्य केलं होतं. तो माणूस चांगला असावा.

आता लिफ्ट. इथं माझी चूक झाली ती कबूल करतो. आपल्याकडं एसटी सुटायला लागली की आपण आधी दारात सामान घालतो. कंडक्टर ओरडतो, पण गाडी थांबते. लिफ्टचं दार मिटायला लागलं तशी मी आधी घागर घातली. लिफ्टला कंडक्टर नव्हता. दार घागरीवर आपटलं आणि लगेच मागं सरलं, जसं काही माफी मागतंय. पण मातीला तेवढं पुरतं. अमळनेरपासून मांडीवर आणलेली घागर गोधडीतल्या गोधडीत बसली. डेरगं वाचलं.

मी सातव्या मजल्यावर गोधडीत खापऱ्या घेऊन पोचलो. सूनबाई उज्ज्वला घरीच असते, साड्यांना लेस लावायचं काम करते. तिनं दार उघडलं, माझं तोंड बघितलं, आणि रडायलाच लागली. मी म्हटलं, "अगं, घागर फुटली, मी नाही." मग हसली. पाया पडली आणि म्हणाली, "आबा, अजून तीन दिवस आहेत. मी मोबाईलवरून मागवते. निखाऱ्याला गोवऱ्याही मागवते."

"गोवऱ्या मोबाईलमध्ये?"

"सगळं मिळतं आबा."

दुसऱ्या दिवशी दोन खोकी आली. पहिल्यात घागर होती. लाल, गोल, सुबक. उंचीनं माझ्या वितीएवढी. उज्ज्वला म्हणाली, "फोटोत मोठी दिसत होती." सुनील संध्याकाळी आला, त्यानं ती तळहातावर ठेवली आणि म्हणाला, "ही शोपीस आहे." दुसऱ्या खोक्यात पाच गोवऱ्या होत्या. प्लास्टिकच्या पिशवीत, वर गायीचा फोटो, गाय हसत होती. आमच्या भिंतीवर सुनीलच्या मायनं थापलेल्या गोवऱ्यांकडं जाता-येता कुत्रंही बघत नव्हतं. इथं त्यांना सोनेरी रिबीन बांधलेली. मी एक गोवरी हातात घेतली, वास घेतला आणि मला हसू फुटलं. पाच महिन्यांनी हसलो, तेही शेणावर.

उज्ज्वलानं कणीक मळायला घेतली तेव्हा मी पीठ चिमटीत धरलं. अडतीस वर्षांची सवय. म्हटलं, "हे पीठ दिवाळीआधी दळलंय." तिनं पिशवी उलटी करून बारीक अक्षरं वाचली आणि डोक्यावर हात मारला. तेव्हापासून घरातलं मीठ, साखर, रवा सगळं ती मला चिमटीत धरायला लावते.

घागरीसाठी शेवटी सुनील मला स्कूटरवर बसवून घेऊन गेला. रस्त्याच्या कडेला एक कुंभारीण माठांचा ढीग मांडून बसली होती. पण सुरतेच्या माठांना नळ असतो. एकूण एक माठाला खालच्या अंगाला पितळी तोटी.

"बिना नळ का?" सुनीलनं विचारलं.

"तुम्हारा मराठी लोक सब ले गया," ती म्हणाली. "कल से लाइन लगी है."

"आबा, आते काय करानं?" सुनील म्हणाला. मग तोटी फिरवून बघत म्हणाला, "बघा ना, मायला सोपं पडंल."

मी हात उगारलाच होता. मग मनात आलं, जन्मभर तिनं विहिरीचं पाणी ओढलं. नळ आमच्या घरी आला तेव्हा तिचे गुडघे गेले होते. म्हटलं, घे. नळवाली घे.

पितरीण शोधताना

घागर मिळाली, पण पितरीण मिळेना. इमारतीत बायका भरपूर, सवाष्णींना तोटा नाही. पण जेवणारी बाई पाहिजे ना.

चौथ्या मजल्यावर शिरपूरकडची एक आहे, आपल्याच बोलीतली. मी आणि उज्ज्वला तिच्याकडं गेलो. ती आनंदानं म्हणाली, "बसस ना आबा, का नही बसस!" मग घड्याळाकडं बघून म्हणाली, "फक्त बाराच्या आत नाही. माझे सोळा तास चालू असतात."

"कसले सोळा तास?"

"उपाशी राहायचे. आठ तास खायचं. आणि पुरण नाही, साखर नाही, भात नाही, तळलेलं नाही."

"मग खातेस काय?"

"काकडी."

मी चहा न पिता उठलो. उज्ज्वला जिन्यात म्हणाली, "आबा, तोंडावर काय बोलायचं नसतं." मी काय बोललो? मी फक्त म्हटलं की माझी बायको मेली ती पोट भरून मेली, ही जिवंत असून उपाशी आहे.

सहाव्या मजल्यावर बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाची बायको, साताऱ्याची. बोलायला साखर. खुर्ची दिली, पंखा लावला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "काका, एरवी कधीही जेवायला येईन हो. पण गेलेल्या माणसाच्या जागी... आमच्यात नसतं तसं. मला रात्रभर झोप नाही लागायची." तिचं चुकलं नाही. भीती वाटणाऱ्या बाईला पुरण काय गोड लागणार.

मग उज्ज्वलाला तिची धाकटी बहीण छाया आठवली. ती सचिनला राहते.

सचिन हे गावाचं नाव आहे. मी आधी कोणा माणसाचं समजत होतो. तिथं कारखानेच कारखाने. सुनीलचा कारखाना तिकडंच असल्यामुळं त्यानं आधी मला आत नेलं. मशीनच्या एका तोंडातून पांढरं कापड जातं आणि दुसऱ्या तोंडातून मोर, कैऱ्या, गुलाब घेऊन बाहेर येतं, अखंड, शेताला पाटाचं पाणी सोडल्यासारखं. मी विचारलं, "एका बाईची साडी किती वेळात होते?" सुनील म्हणाला, "आबा, आपण इथं उभे राहिलो तेवढ्यात एका गल्लीतल्या बायकांच्या झाल्या." सुनीलची माय एक साडी घ्यायला चार दुकानं आणि दोन दिवस लावायची, आणि घरी आल्यावर म्हणायची की दुसरीच बरी होती. हे मशीन तिनं बघायला पाहिजे होतं. बंद पाडलं असतं.

बाहेर चहाच्या टपरीवर निम्मं खान्देश उभं होतं. "कोणतं गाव बाबा?" "अमळनेरकडचे का?" "आखाजीले गावले नही गयात?" एकानं मला लोचो खाऊ घातला. लोचो म्हणजे बिघडलेला ढोकळा. बिघडला म्हणून फेकून न देता या लोकांनी त्याच्यावर तेल, शेव, कांदा टाकून त्याला नाव दिलं आणि आता लांबून लोक खायला येतात. आमच्या घरी काही बिघडलं की सुनीलची माय ते म्हशीला घालायची आणि म्हैस नाही म्हणाली तर मला.

छाया म्हणजे ठणठणीत बाई. सुनीलच्या मायला मावशी म्हणायची. दार उघडताच म्हणाली, "आबा, मी बसंल. मावशीचा माझ्यावर जीव होता. आणि मला चार पोळ्या लागतात, आधीच सांगून ठेवते." रिक्षानं मागून आलेल्या उज्ज्वलानं तिला कुंकू लावून सुपारी दिली. आमंत्रण पक्कं झालं. मी स्कूटरवर मागं बसून येताना पहिल्यांदा सुरतेकडं नीट बघितलं. बरं शहर आहे. धूर आहे, पण हात कामात असलेली माणसं आहेत.

त्या संध्याकाळी सुनील माझ्याजवळ येऊन बसला. म्हणाला, "आबा, एक दाखवू? रागावू नका." त्यानं मोबाईल पुढं धरला. त्यात त्याच्या मायचा फोटो होता, रेशनकार्डाच्या वेळचा. बघता बघता फोटोनं डोळे मिचकावले. मग मान हलवली. मग हसला.

"हे आता करता येतं," सुनील म्हणाला. "आवाजपण टाकता येतो. छाया आली नाही तर पाटावर..."

"बंद कर."

"आबा, लोकं करतात."

"तुझी माय फोटोत कधी हसली नाही. फोटोवाला हसा म्हणाला की ती त्याला तू हस म्हणायची. तिला मेल्यावर हसवायला कोणी सांगितलं तुला? आणि हे मशीन बोलंल, हसंल, पुरणपोळी खाईल का?"

सुनीलनं मोबाईल खिशात घातला. म्हणाला, "मला फक्त बघायची होती आबा." मला वाईट वाटलं. मी बोलतो तेव्हा आधी बोलून घेतो, विचार मागून येतो. पण माफीबिफी आमच्यात नाही. मी त्याला म्हटलं, "जा, आंबे पाण्यात टाक." तो गेला. बापलेकांचं समजलं.

आखाजी

सकाळपासून घरात आंब्याचा वास. खापरावरची पुरणपोळी उज्ज्वलाला जमत नाही हे तिनं कबूल केलं, म्हणून भेस्तानमधल्या धुळ्याच्या एका बाईकडून मागवली होती. रुमालाएवढ्या मोठ्या पोळ्या, पातळ, घडी घातलेल्या. रस, कुरडया, भजी, रशी म्हणजे आपली आमटी, भात घरी झालं. सुनीलनं आंघोळ करून घागर भरली. तोटीतून दोन थेंब गळत होते, तिथं खाली वाटी ठेवली. वर डेरगं, आंबा, सांजोरी. उंबरठ्यावर कुंकवाची बोटं ओढायची असतात, एकेका पितराचं नाव घेऊन. या घराला उंबरठाच नाही, फरशीची चपटी पट्टी आहे. तिच्यावर ओढली. सुनीलनं आपल्या मायचं नाव घेऊन बोट ओढलं. मी पंख्याकडं बघत राहिलो.

पाट मांडला. अकरा वाजले. छायाचा फोन आला.

उज्ज्वलानं ऐकलं आणि वाढायचा पळा खाली ठेवला. झालं असं की छाया साडी नेसून निघाली, तर तिच्या घरमालकिणीनं जिन्यातच हात धरला. मालकीण आपल्याच चोपड्याकडची. तिच्या सासूची घागर, तिची ठरलेली पितरीण तापानं पडलेली. छाया म्हणाली, मला दुसरीकडं बसायचंय. मालकीण म्हणाली, दोन घास खा फक्त. आणि पितरिणीला दोन घास कोणी वाढतं का? तिनं आग्रह करकरून जेवू घातलं. आता छाया फोनवर रडत होती, "ताई, मला हलता येत नाही. चार पोळ्या झाल्या."

आखाजीच्या दिवशी सुरतेत पितरांची अशी ओढाताण होते. खान्देशी लोक जितके, घागरी तितक्या, आणि सगळ्यांना एकाच वेळी जेवणारं माणूस पाहिजे. आणि एकदा एका घरी पितरीण झालेली बाई त्या दिवशी दुसऱ्या घरी बसत नाही. एक पोट दोन मेलेल्यांना कसं पुरणार?

बारा वाजले. अन्न निवायला लागलं. चौथ्या मजल्यावरची काकडीवाली कुलूप लावून माहेरी गेलेली. सुनील तोंड पाडून बसला. त्याचा हात एकदा खिशाकडं गेला, माझ्याकडं बघून परत आला. मला मात्र एकच दिसत होतं, सुनीलची माय दारात उभी आहे आणि पाट मोकळा आहे.

मी म्हटलं, "आगारी तर टाका. निदान वास तरी जाऊ दे तिच्यापर्यंत." आगारी म्हणजे निखाऱ्यावर तूप आणि पुरणपोळीचा तुकडा टाकायचा, धूर पितरांना पोचतो. निखारा कुठला? मी ती रिबीनवाली गोवरी चिमट्यात धरून गॅसवर पेटवली. पेटली बरं का, हसणाऱ्या गायीची असून पेटली. स्वयंपाकघरात जागा नव्हती म्हणून तव्यात ठेवून दाराबाहेर लिफ्टसमोर नेली आणि वर तूप सोडलं.

तिथं छताला एक पांढरी वाटी पालथी चिकटवलेली आहे. मला वाटलं दिवा असेल. धूर तिच्यापर्यंत गेला आणि ती किंचाळायला लागली. अशी किंचाळली की माझ्या हातातलं तूप सांडलं. सातव्या मजल्याची सगळी दारं उघडली, खालून वॉचमनच्या शिट्ट्या, सुनील स्टूल शोधतोय, उज्ज्वला पदरानं धूर हाकतेय. आणि समोरच्या दारातून एक लठ्ठ, गोरी बाई भरलेली बादली दोन्ही हातांनी धरून धावत आली. मी तव्यापुढं आडवा झालो.

"पाणी नको! पाणी टाकू नका!"

"आग लगी है, काका!"

"आग नाही. माझी बायको आहे!"

ती बादली घेऊन तशीच उभी राहिली.

या जसुबेन. काठेवाडच्या. नवरा कतारगामला हिरे घासतो. एकदाची ती वाटी सुनीलनं बंद केली. उज्ज्वलानं त्यांना गुजरातीतून सगळं सांगितलं, घागर, पितरीण, छाया, चार पोळ्या. जसुबेन ऐकत होत्या आणि आमच्या दारातून आत घागरीकडं बघत होत्या, तिच्या तोटीकडं. मग बादली खाली ठेवली.

"अमारे में भी गोरणी जमाडते हैं," त्या म्हणाल्या. गोरणी म्हणजे जेवायला बसवायची सवाष्ण. "ऐसा ही. उसमें क्या? मैं बैठती हूँ."

"तुम्हाला भीती नाही वाटणार?" सुनीलनं विचारलं.

"मरे हुए से क्या डरना? जिंदा लोग कम हैं क्या?"

मी बेधडक विचारलं, "मालक हयात आहेत ना?" उज्ज्वलानं मला कोपर मारलं. पण विचारायला नको का? सवाष्ण पाहिजे.

"है है," जसुबेन म्हणाल्या. "रोज तीन रोटला खाता है. वो कहीं नहीं जाता."

पाय धुतले, कुंकू लावलं, पाटावर बसवलं. पाट कुरकुरला. सुनीलनं पान वाढलं. मी बाजूला उभा, पानाकडं डोळे लावून, कारण आता ही जेवली तर ती जेवली.

पहिला घास रसाचा. जसुबेननी तोंड वाकडं केलं.

"सूंठ कहाँ है? रस में सूंठ नहीं डाला?"

आमच्या रसात सुंठ! सुनीलच्या मायसमोर कोणी रसात सुंठ टाकली असती तर तिनं वाटी ओढून घेतली असती. पण पितरिणीला नाही म्हणायचं नसतं. "सुंठ आणा," मी म्हटलं. उज्ज्वला जसुबेनच्याच घरातून डबा घेऊन आली.

मग रशी. "ये दाल में गोळ नहीं है?"

"गूळ आणा," मी म्हटलं. आमची काळ्या मसाल्याची झणझणीत रशी माझ्या डोळ्यांदेखत गोड झाली. मनात म्हटलं, बाई गं, आजच्या दिवस सांभाळून घे. सुरतेत आलीस, थोडं सुरती हो.

पण पुरणपोळी बघून जसुबेन थांबल्या. उलगडली, तिच्याआड सगळं पान झाकलं. "ये रोटली है के चादर है?" असं म्हणून हसल्या, आणि घास घेत घेत ती संपवली. मग दुसरी मागितली. माझा जीव भांड्यात पडला.

आणि अर्ध्यात त्यांनी हात थांबवला.

"काका, तुम नहीं बैठते?"

"नंतर. आधी पितरीण जेवते."

"मैं अकेली नहीं खाती. मेरे को आदत नहीं. सामने बैठो."

मी सुनीलकडं बघितलं. सुनील म्हणाला, "आबा, नाही म्हणायचं नसतं." मी पाट घेऊन समोर बसलो. उज्ज्वलानं मलाही पान वाढलं. आमच्या घरात आधी मी जेवायचो, मग सुनीलची माय. चव्वेचाळीस वर्षं समोरासमोर पान मांडलं नाही. कधी सुचलंच नाही, ना मला, ना तिला. तिला सुचलं असेलही, मला काय ठाऊक.

जसुबेननी विचारलं, "कैसी थी तुम्हारी बाई?"

पाच महिने लोक मला विचारत होते, काय झालं होतं, किती दिवस दवाखान्यात होती, कोणता डॉक्टर. कशी होती हे कोणी विचारलं नव्हतं.

"बोलायची फार," मी म्हटलं. "सकाळपासून. शेजारणीचं, म्हशीचं, कालच्या भाजीचं. तेच तेच."

"और तुम?"

"मी हूं हूं करायचो."

"मेरा भी हूं हूं करता है," जसुबेन म्हणाल्या. "घंटी मतलब चक्की पे हीरा घिस घिस के कान गया, बोलता है. सब झूठ. रोटला पुकारो तो सुनाई देता है. बहू केनेडा में है, वो मोबाइल में हाँ मम्मी हाँ मम्मी करती है, पीछे से बर्तन का आवाज आता है." आणि त्या सुरूच झाल्या. लिफ्ट शनिवारी बंद कशी पडते. दुसऱ्या मजल्यावरचा माणूस टाकीचं पाणी गाडी धुवायला कसं वापरतो. केनेडात नातवाला गुजराती येत नाही, तो त्यांना "हाय बा" म्हणतो आणि पळून जातो. एकदा त्यांनी त्याच्यासाठी सुखडी, म्हणजे गूळ-तुपाची वडी, करून पाठवली, तर ती वाटेत दोन महिने राहिली आणि पोचली तेव्हा दगड झालेली, तरी सुनेनं फोटो काढून चांगली झाली म्हणून कळवलं. हे सांगताना त्या हसल्या आणि पदरानं डोळे पुसले.

मी जेवत होतो आणि ऐकत होतो. मधे एकदा सवयीनं "हूं" निघालं, ते मी गिळलं आणि विचारलं, "मग? सुखडीचं पुढं काय झालं?" जसुबेननी माझ्याकडं बघितलं. मग आणखी खोलात शिरल्या, तूप कोणतं घातलं होतं तिथपासून.

एक वाजून गेला. पानावरचा रस सुकला. आम्ही दोघं जेवत होतो हे बघून सुनील आणि उज्ज्वला दाराशी टेकून बसले, त्यांनीही हातातच पोळी घेतली होती. पितरीण तृप्त झाली का हे शेवटी विचारायचं असतं. मी हात जोडले.

"बेन, पोट भरलं का?"

"पेट तो कब का भर गया, काका," जसुबेन म्हणाल्या. "बात बाकी है."

मी मांडी घातली, पाट जरा पुढं ओढला आणि म्हटलं, "बोला."